पाव आण्यावरचं नाव

परवा पालघरच्या बाजारात या हिवाळ्यातलं पहिलं कोनफळ दिसलं. मातीने माखलेलं, एका बाजूने कापून ठेवलेलं, आत जांभळं. विकणारी बाई म्हणाली, "घे गो, उकडहंडीला चांगलं हाय." मी घेतलं नाही. बाई चांगली होती, कोनफळही चांगलं होतं. पण दोन हिवाळ्यांपूर्वीचा एक रविवार आठवला आणि पुढे केलेला हात मागे आला.

ललित लिहायची मला सवय नाही. मी पत्रकं लिहिते. गावात रिक्षावर भोंगा लावून वाटायची, दोन्ही बाजूंनी छापलेली, मोठ्या टायपातली. पत्रकात मी "हिवाळा आला" असं कधी लिहीत नाही, कारण हिवाळ्याकडून कुणाचीच काही मागणी नसते. पण त्या हिवाळ्याकडून माझी आहे. तो जाताना आमच्या घरातलं काहीतरी घेऊन गेला आणि ते परत आलेलं नाही.

माकुणसारला राऊत सरांच्या वाडीत जानेवारीत उकडहंडी लागायची. मोठं मडकं, आत पाला, वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वांगी, कच्ची केळी, ओवा आणि जाडं मीठ. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं पालथं घालायचं आणि भोवती वाळका पाचोळा पेटवायचा. भर दुपारी पानवेलीच्या मांडवाखाली बसायचं. मांडवाखाली ऊन हिरवं होऊन येतं, माणसांचे चेहरे हिरवे दिसतात. धूर डोळ्यांत जातो आणि ओव्याचा वास येऊ लागला की काकी, म्हणजे सरांची बायको, लांबूनच ओरडायच्या, "आता हात लावू नका रे कोणी! दहा मिनटं हायत!" ती दहा मिनिटं नेहमी अर्धा तास चालायची. त्या अर्ध्या तासात नाणी बाहेर निघायची.

कारण ही मंडळी नाणी जमवणारी होती. दर महिन्याला एका रविवारी सरांच्या ओटीवर पाच-सहा जण जमायचे. त्यांत माझे बाबा.

बाबा जतकडचे. बोईसरला आले ते एका केमिकल कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून. पहिली चार वर्षं ते दुसऱ्याच्या पासवर कामाला गेले. सुभाष नावाचा कुणीतरी काम सोडून गेला होता, कंत्राटदाराने त्याचा पास बाबांच्या हातात ठेवला आणि सांगितलं, गेटवर सुभाष म्हणायचं. हजेरीवर सुभाष, अपघाताच्या वहीत सुभाष, दिवाळीच्या मिठाईच्या पाकिटावरही सुभाष. त्या चार वर्षांत महादेव नावाचा माणूस त्या कारखान्यात कामालाच नव्हता. आजही नाक्यावर एखादा पिकल्या केसांचा माणूस सायकल थांबवून हाक मारतो, "अरे सुभाषभाई! कैसे हो?" आणि बाबा हात वर करतात. मी लहानपणी विचारायचे, तुम्ही त्याला सांगत का नाही? ते म्हणायचे, "आता कुठं सांगू? त्याच्यासाठी मी सुभाषच हाय."

त्या बाबांना जॉर्ज राजाच्या पाव आण्यांचा नाद. तांब्याची, रुपयाएवढीही किंमत नसलेली नाणी. एकेक साल गोळा करत त्यांनी वीस वर्षं घालवली. मग राऊत सरांनी त्यांना पुढची पायरी दाखवली. नाणं तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवायचं. ते लोक भिंगाखाली बघतात, सत्तरपैकी गुण देतात आणि नाणं पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. डबीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. तो नंबर जगात एकाच नाण्याचा. मग कंपनीच्या साइटवर आपल्या नावाची यादी उघडायची आणि त्यात नंबर टाकायचा. नाण्यासमोर नाव येतं. एकेक सालचं नाणं भरून यादी पूर्ण झाली की वर एक हिरवा शिक्का दिसतो: संपूर्ण.

पहिल्यांदा स्वतःचं नाव त्या पडद्यावर आलं तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावलं. "वाच." मी वाचलं. "स्पेलिंग बरोबर हाय?" मी म्हटलं, बरोबर आहे. तरी त्यांनी बोट लावून एकेक अक्षर माझ्याकडून म्हणवून घेतलं. एम, ए, एच. त्यांना इंग्रजी येत नाही. महादेव हे नाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांनी त्या दिवशी पाठ केलं.

मलाही सरांनीच घडवलं. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही, नाहीतर मी जे पुढे लिहिणार आहे ते स्वस्तात पडेल. सर शाळेतून निवृत्त झाले आणि आमच्या गटाचं काम बघू लागले. सफाळ्याच्या आतल्या गावांत ज्यांनी बाप-आज्याच्या काळात जमीन विकत घेतली, कसली, पण सातबाऱ्यावर नाव अजून विकणाऱ्याचंच, अशा लोकांचं काम. मी कॉलेज संपवून नुसती चिडचिड करत फिरत होते. सरांनी माझं पहिलं पत्रक लाल शाईने रंगवून परत दिलं. "एका वाक्यात एकच गोष्ट. विशेषणं खोड. कुणाला झोडायचं असेल तर क्रियापदाने झोड." आजही मी तसंच लिहिते. मी या लेखात सरांबद्दल जे लिहीन तेही त्यांच्याच पद्धतीने लिहीन, माझ्याकडे दुसरी पद्धत नाही.

विकणाऱ्यांची उत्तरं आम्ही गोळा करायचो. घरोघरी जाऊन विचारायचो, काका, जमीन विकून एवढी वर्षं झाली, नाव का उतरवत नाही? बहुतेक ठिकाणी एकच उत्तर. ओटीवर पाय हलवत, पान चघळत: "जमीन तोच कसतोय ना? मग नाव माझं राहिलं तर बिघडलं कुठे?" सरांनी ते वाक्य मला पत्रकाच्या डोक्यावर ठेवायला लावलं. सगळ्यात मोठ्या टायपात. खाली सरांचं उत्तर: बिघडलं ते इथेच. ते पत्रक आम्ही किती वेळा छापलं मला आठवत नाही.

आणि त्याच सरांनी नाण्यांच्या मंडळीसाठीही एक छोटं पत्रक करून घेतलं. "नाणेमित्रांचे संकेत." अक्षरजुळणी माझी. त्यातला तिसरा संकेत असा: नाणं दुसऱ्याच्या हाती दिलं की त्याच दिवशी यादीतून आपलं नाव उतरवावं, घेणाऱ्याला मागायला लावू नये. कारण साइटवर जुन्याने नाव सोडल्याशिवाय नव्याला ते नाणं आपल्या यादीत घेता येत नाही. चौथा संकेत घेणाऱ्यासाठी: आठ दिवस थांबावं, मग एकदाच विचारावं. मी तिसऱ्याच्या शेवटी "ही विनंती" असं लिहिलं होतं. सरांनी ते दोन शब्द खोडले. "विनंती कसली? हे करायचंच असतं."

आता तो रविवार.

बाबांच्या यादीत एकच साल बाकी होतं. ते सरांकडे होतं. आणि बाबांकडे एक राणीछाप रुपया होता, त्यांच्या आईने जपलेला, डबीत बंद केलेला. सर दर वेळी तो मागून घेऊन भिंगाखाली धरायचे. त्या दिवशी मडक्याभोवतीचा पाचोळा विझत आला होता आणि सर म्हणाले, "महादेवराव, एकदा होऊनच जाऊ द्या. तुमचा रुपया, माझा पाव आणा."

बाबा म्हणाले, "सर, रुपया भारी पडतोय."

"पडू द्या की. तुमची यादी पुरी होतेय. ते किती भारी, तुम्हीच सांगा."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, मुलगी देताय की रुपया देताय, एवढा विचार? काकी परातीत शेंगा ओतत होत्या, त्यांनी सुनावलं, "पोरगी हितं बसलीय, तिला विचारा आदी!" मी म्हटलं, द्या बाबा. हे मी म्हटलं होतं. लिहून ठेवते.

बाबांनी रुपयाची डबी सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि सरांच्या तळहातावर ठेवली. पाव आणा घेतला. मग हात न धुताच माझ्या फोनवरून रुपयावरचं आपलं नाव उतरवलं. तिथेच, मांडवाखाली, बोटाला कोनफळ लागलेलं असताना. फोनच्या काचेवर जांभळा डाग पडला. सर म्हणाले, "अहो, घाई काय आहे, खाऊन तर घ्या आधी." बाबा म्हणाले, "तुमच्याच पत्रकात हाय, त्याच दिवशी."

ती शेंग मला अजून आठवते. सालीसकट ओढायची, आतला वाल गरम, ओव्याने जीभ चुरचुरते. इतकं चांगलं मी त्यानंतर काही खाल्लेलं नाही, हे लिहायलाही मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पाव आण्याचा नंबर टाकला. लाल ओळ आली: हे नाणं दुसऱ्या सदस्याच्या यादीत आहे. त्यांना ओळ वाचता येत नव्हती, पण लाल रंग कळत होता. तिसऱ्या दिवशी टाकला, लाल. आठ दिवस ते कामावरून येऊन हातपाय धुऊन देवासमोर बसल्यासारखे पडद्यासमोर बसायचे. नंबर त्यांना पाठ झाला. एकदा मी सरांची यादी उघडून बघितली. पाव आणा तिथेच होता. आणि रुपयांच्या यादीत बाबांचा रुपया नव्याने आला होता. नोंदीची तारीख त्याच रविवारची.

म्हणजे सर त्या संध्याकाळी साइटवर बसले होते. रुपया घेतला. पाव आणा सोडला नाही. दोन्ही याद्या एकाच पडद्यावर असतात.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "विसरले असतील." नवव्या दिवशी त्यांनी फोन केला, संकेताप्रमाणे, एकदाच. सर म्हणाले, अरे हो, राहिलंच की, करतो आजच. बाबा फोन ठेवून माझ्याकडे वळले, "बघ. विसरलेच होते." त्यांच्या आवाजातला तो आनंद मी सरांना कधीच माफ करणार नाही.

त्या रात्रीही ओळ लालच आली, पुढेही रोज लालच. मी म्हटलं, कंपनीला डबीचा फोटो पाठवू, ते दोन दिवसांत नाव बदलून देतात. नियमच आहे तसा. बाबांनी ऐकलं नाही. "कंपनीनं काढून घेतलं तर ते काढून घेतलेलं झालं. मला दिलेलं पायजे." मी भांडले. मी रोज लोकांना सांगते अर्ज करा, दाद मागा, आणि माझ्या घरात माझा बाप लाल ओळीसमोर हात बांधून बसलाय. ते म्हणाले, "तुझी जमीन वेगळी, हे वेगळं. ही मैत्रीतली गोष्ट हाय."

फेब्रुवारीत थंडी पातळ झाली. दांडीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या वलांडीखाली चालताना अंगावर येणारा तो खारट वास बोईसरपर्यंत यायचा, वारा फिरला की त्यात कारखान्यांचा वास मिसळायचा. त्याच महिन्यात पालघरला एका शाळेच्या सभागृहात मंडळींनी प्रदर्शन भरवलं. सरांच्या टेबलामागे मोठा फलक होता, साइटवरच्या यादीची रंगीत प्रत. वर हिरवा शिक्का: संपूर्ण. शाळेची पोरं रांगेने बघत होती. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. फलकासमोर थांबले, बोट हवेत धरून नंबर खाली खाली वाचत गेले आणि एका ठिकाणी बोट थांबलं. आपल्या कपाटातल्या नाण्याचा नंबर. टेबलावर त्या सालच्या जागी सरांनी डबी ठेवली नव्हती, छोटी चिठ्ठी ठेवली होती: सुरक्षेसाठी घरी.

मी तिथे होते. भोंग्यावरून तहसीलदाराला नाव घेऊन जाब विचारणारी मी.  सर पोरांना समजावत होते आणि मला बघून म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी," आणि मी हसले. प्रतिक्षिप्त. जिथे क्रियापद हवं होतं तिथे मी हसले.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून माकुणसारला गेले. सर ओटीवर होते, आत काकी ओल्या फडक्यावर पानं लावत होत्या. मी बसले नाही.

"सर, नाव उतरवा."

"अगं बस तरी."

"दोन मिनिटांचं काम आहे. आत्ता, माझ्यासमोर."

सर हसले. मग समजावणीच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, वर्षअखेरीला कंपनी संपूर्ण याद्यांतून बक्षिसासाठी निवड करते. एकदा माझी होऊ दे. तीस वर्षं घातलीत मी त्यात. मग लगेच सोडतो. नाणं तुमच्याकडेच आहे ना? मग नाव माझं राहिलं तर बिघडलं कुठे?"

त्यांना कळलं नाही. खरंच कळलं नाही, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ज्या वाक्याला त्यांनी सगळ्यात मोठा टाइप द्यायला लावला होता ते वाक्य त्यांच्या तोंडून पान थुंकावं तसं सहज गेलं. पायही हलत होता. मला शिवी द्यायची होती. मला उलट रडायला आलं आणि ते दिसू नये म्हणून मी स्कूटरकडे गेले. मागून काकी आल्या, हातात कागदात बांधलेली पानं. "बाबांना दे गो. तुमी काय भांडलात काय?" मी नाही म्हटलं. खोटं बोलले.

बाबांना मात्र वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पानांचा पुडा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "रविवारी जाऊ."

होळी जवळ आली होती. वाडीत उन्हाचा रंग बदलला होता, हंडीची राख तशीच एका कोपऱ्यात पडली होती. मला वाटलं बाबा भांडणार. मनातल्या मनात मी त्यांच्यासाठी वाक्यं जुळवत होते. त्यांनी खिशातून डबी काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि सरांसमोर धरली.

"सर, हे ठेवा."

"अहो, हे काय? तुमचं आहे ते."

"यादीत तुमचं हाय. यादी खरी करा."

"महादेवराव, रागावलात का?"

"न्हाई. मी चार वर्षं दुसऱ्याच्या नावावर काम केलंय. तवा पोट होतं. आता कशाला? माझ्या कपाटात बसून हे नाणं तुमच्या नावानं हजेरी लावतंय. खोट्या हजेरीत माझा माल नको."

मी म्हटलं, "मग रुपया?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "रुपयाचं नाव मी उतरवलंय. तो गेला."

मी सरांकडे बघत होते. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी त्यांना सोडलं नव्हतं. मला खात्री होती, आता ते उठणार, म्हणणार चुकलो, आतून लॅपटॉप आणणार. दोन मिनिटं. मी तो लॅपटॉप उघडतानाचा आवाजही ऐकला मनात. सरांनी डबी हातात घेतली. उजेडाकडे धरली. तिरपी करून राजाचा चेहरा बघितला. मग म्हणाले, "तुमचा आग्रहच असेल तर," आणि ती खिशात टाकली.

दारातून काकींचा आवाज आला.

"अवो, घेतलात तुमी?"

 आम्ही निघालो. मी स्कूटर केळव्याच्या रस्त्याला घेतली. मग बाबा मागून माझ्या खांद्यावरून म्हणाले, "काकींचा चहा राहिला." एवढंच.

तेव्हापासून मी गावांत बोलते तेव्हा आवाज चढतो. लोक म्हणतात पोरगी तिखट आहे. पत्रक आम्ही पुन्हा छापलं. सर आता गटात येत नाहीत, तब्येतीचं कारण देतात. त्यांचं वाक्य मी काढलं नाही. बिघडलं ते इथेच. ते खरं आहे, म्हणून ठेवलंय. त्यांनी शिकवलेलं सगळं खरं निघालं आणि शिकवणारा खोटा. याचं काय करायचं ते त्यांनी मला शिकवलं नाही.

त्यांची यादी मी अधूनमधून तपासते. हिरवा शिक्का आहे, आणि आता कुणालाही त्यात खोट काढता येणार नाही. रुपयाही त्यांच्याकडे, पाव आणाही त्यांच्याकडे, नावही त्यांचंच. मंडळीतल्या एकाने बाबांना त्याच सालचा दुसरा पाव आणा देऊ केला. बाबा नको म्हणाले. "जागा राहू दे."

गेल्या हिवाळ्यात माकुणसारहून बोलावणं आलं नव्हतं. आज सकाळी आलं. फोनवर सरांचा रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज, मागे कोंबडे, काकींचा खोकला: "रविवारी हंडी लावतोय. बाबांना घेऊन ये. झालं गेलं विसरा." मी तो निरोप बाबांना ऐकवला. त्यांनी तो एकदाच ऐकला.

"काकींना फोन कर," म्हणाले. "त्यांना सांग, येत न्हाई. त्यांना सांग, सरांना नको."

मग त्यांनी नेहमीप्रमाणे पडदा उघडला. अजून नंबर पाठ आहे. एका बोटाने, सावकाश, एकेक आकडा टाकतात. लाल ओळ येते, हे नाणं दुसऱ्या सदस्याच्या यादीत आहे. दोन महिने जिच्यासमोर ते हात बांधून बसायचे तीच ओळ. मी म्हटलं, बाबा, कशाला बघता रोज?

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आता खरं सांगतीय ती ओळ," म्हणाले, आणि पडदा मिटला.